‘साहेबांचा माणूस’ निवडणुकीसाठी पैसे मागतो तेव्हा

विचारणारे गृहस्थ नगरपरिषदेची रस्ते-गटारांची छोटी कामं घेतात, स्वतःच्या नावावरची प्रोप्रायटरी फर्म आहे. पूर्ण झालेल्या एका कामाचं बिल काही महिन्यांपासून अडकलंय. आता निवडणूक तोंडावर आली आणि त्यांना सिमेंट-खडी पुरवणारा एक व्यापारी निरोप घेऊन आला: साहेबांचा खर्च वाढलाय, तुमच्याकडून पाच पेटी, म्हणजे पाच लाख, अपेक्षित आहेत. दोन रोख द्या, तीनचा चेक द्या. चेकची एका पक्षाची रीतसर पावती मिळेल, टॅक्समध्ये पूर्ण वजावट बसेल, शिवाय त्यातली बरीच रक्कम रोखीत परत करतो. बिलाचं मी बघतो. त्यांचा प्रश्न असा, की हे सगळं कायदेशीर चौकटीत बसवता येईल का, आणि बसवायचं तर कसं? व्यापाऱ्याला काय सांगायचं, हेही त्यांनी विचारलंय.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो आणि माझे निम्मे अशील ठेकेदारच आहेत. हा निरोप दर निवडणुकीला, थोड्याफार फरकाने, त्यांच्यापैकी कुणाला ना कुणाला येतो. उत्तर आधी देतो: बसवता येणार नाही. कारण मात्र नीट समजून घ्या, कारण पुढच्या वेळी मागणी वेगळ्या रूपात येईल.

तुमच्यासमोर एक व्यवहार ठेवलाय असं तुम्हाला वाटतंय. खरं तर ते तीन व्यवहार आहेत आणि त्या व्यापाऱ्याने ते एका गाठोड्यात बांधून आणलेत. बिल काढण्यासाठी पैसे देणं ही लाच. उमेदवाराला हिशोबाबाहेर रोख देणं हा निवडणूक खर्चाच्या नियमांचा प्रश्न. आणि चेक देऊन पैसे परत घेऊन वजावट मागणं ही सरळ करचोरी. तिन्ही एकत्र आले की माणूस त्याला ‘वर्गणी’ म्हणतो आणि मनाची समजूत घालतो. सुटे करून पाहिले तर एकाचाही बचाव करता येत नाही.

चेकपासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला तोच भाग सर्वांत सुरक्षित वाटतोय. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं ८०जीजीसी हे कलम (एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक वेगळा आहे) नोंदणीकृत राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर शंभर टक्के वजावट देतं. देणगी रोखीत असेल तर वजावट नाही, उमेदवाराला वैयक्तिक दिली तर नाही, आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तरीही नाही. कलम चांगल्या हेतूने आहे. पण त्याचा आधार घेऊन गेल्या काही वर्षांत एक धंदाच उभा राहिला. कुठल्या तरी अनोळखी, मान्यता नसलेल्या पण निवडणूक आयोगाकडे नोंदणी असलेल्या पक्षाच्या नावाने चेक घ्यायचा, काही टक्के कट कापून उरलेली रक्कम रोखीत परत करायची आणि पावती हातात द्यायची. तीन लाखांवर ३० टक्के दराने, उपकर धरून, ९३,६०० रुपये कर वाचतो. कट गेला तरी फायदाच, असं गणित तुम्हाला सांगितलं जातं.

हे गणित आता जुळत नाही. प्राप्तिकर विभागाने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा पक्षांवर आणि त्यांच्या दलालांवर देशभर छापे घातले. जुलै २०२५ मध्ये बोगस वजावटींविरुद्ध पुन्हा मोठी मोहीम झाली, त्यात ८०जीजीसी हे प्रमुख लक्ष्य होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ३३४ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ पक्ष यादीतून काढले, कारण सहा वर्षांत त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. छाप्यात पक्षाचं बँक खातं हाती लागलं की विभागाला वेगळं काही शोधावं लागत नाही. चेक जमा होतो, एक-दोन दिवसांत तीच रक्कम कुठल्या तरी ट्रेडिंग फर्मकडे किंवा ‘इव्हेंट’वाल्याकडे जाते आणि तिथून रोखीत निघते. त्या खात्यात तुमचं नाव आणि पॅन आहे. व्यापाऱ्याचं नाव कुठेच नाही.

असाच एक अशील माझ्याकडे नोटीस घेऊन आला होता. पावतीवर पक्षाचा पत्ता दुसऱ्या राज्यातला. अधिकाऱ्याचे प्रश्न अगदी साधे होते: या पक्षाचं नाव तुम्ही कुठे ऐकलंत? त्याचं चिन्ह काय? तुमच्या भागात त्याचा उमेदवार होता का? अशिलाकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं असं ठरलं, तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागतो. तुमच्या तीन लाखांवर तो १,८७,२०० रुपये होईल, मूळ कर आणि व्याज वेगळं. यापूर्वी कधी अशी पावती घेऊन वजावट मागितली असेल, तर नोटीस येण्याची वाट पाहू नका. अद्ययावत विवरणपत्राची मुदत आता चार वर्षांपर्यंत वाढवली आहे. जास्तीचा कर भरून ते प्रकरण आधी मिटवा.

आता रोख दोन लाख. हे पैसे तुम्ही आणणार कुठून? तुमची सगळी कमाई नगरपरिषदेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात येते. म्हणजे रोख काढायला एखादं खोटं बिल लागेल, आणि ते बिलही हाच व्यापारी देणार. ही बिलं मी बरीच पाहिली आहेत. एका ठेकेदाराच्या फायलीत रस्त्याचं काम पूर्ण झाल्याची मोजमाप पुस्तिकेतली नोंद महिन्याच्या १२ तारखेची होती आणि त्याच कामासाठी घेतलेल्या खडीचं बिल २८ तारखेचं. चाळीस ब्रास खडी, पण तिच्या वाहतुकीचा एकही सरकारी पास नाही. नगरपरिषदेने पास नाहीत म्हणून रॉयल्टी, म्हणजे खडीवरचं सरकारी शुल्क, बिलातून कापून घेतलेली, म्हणजे माल अधिकृत नसल्याची नोंद सरकारच्याच कागदावर. असं बिल हिशोबात घेतलं की जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं, खर्च नामंजूर होतो, आणि हिशोबात खोटी नोंद केल्याबद्दल त्या नोंदीच्या रकमेइतका दंड लावण्याची तरतूद २०२० पासून आहे. दोन लाखांची रोख तयार करताना तुम्ही आधीच दुसऱ्या खड्ड्यात उतरलेले असता.

आणि ही रोख घेणाऱ्यालाही कुठे दाखवता येत नाही. राजकीय पक्षाने २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीत घेतली तर त्याची करमाफी धोक्यात येते. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला निवडणुकीच्या काळात एका व्यक्तीकडून १०,००० रुपयांवर रोख घेता येत नाही. मोठ्या राज्यांत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. नगरपरिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाची वेगळी मर्यादा असते आणि हिशोब तिथेही द्यावा लागतो. तुमचे दोन लाख यातल्या कुठल्याच हिशोबात बसणार नाहीत. त्यामुळे ते मिळाले असं साहेब कधीच कबूल करू शकत नाहीत. व्यापाऱ्याने त्यातले किती पुढे दिले आणि किती ठेवून घेतले, हे तुम्ही कुणाला विचारणार? पाच ठेकेदारांकडून गोळा करून दोघांचेच पोहोचवणारे लोक मला माहीत आहेत. साहेब हरले, किंवा जिंकून त्या व्यापाऱ्याशी बिनसलं, की तुमच्यापुरता विषय संपतो.

मध्यस्थाला यात काय मिळतं, हे ओळखणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कट हा त्याचा किरकोळ फायदा. तुमच्याकडून पैसे नेले की उद्या खडीचा भाव तोच ठरवणार, कारण त्याच्याशी वाकडं घ्यायची तुमची हिंमत उरलेली नसते. साहेबांकडेही त्याचं वजन वाढतं, कारण ठेकेदार त्याच्या हातात आहेत. पुढच्या टेंडरला कुणी भरायचं आणि कुणी नाही, हे मग त्याच्या दुकानात बसून ठरतं. ज्याला आपण टक्केवारी म्हणतो ती फक्त पुढाऱ्यामुळे टिकलेली नाही. तुमच्या-माझ्या ओळखीचे, गणपतीला शेजारी उभे राहणारे व्यापारी ती गोळा करतात, म्हणून ती टिकते. याचा मला मनापासून राग आहे. टक्केवारीचे पैसे डांबरातून निघतात, आणि पहिल्या पावसात उखडणाऱ्या त्या रस्त्यावरून आपलीच पोरं सायकलने शाळेत जातात.

हे फक्त आपल्या गावात चालतं असं समजू नका. कंपन्यांनी पक्षांना पैसे द्यावेत का, हा प्रश्न १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर टाटा आयर्न अँड स्टीलच्या प्रकरणात आला होता. परवानगी मिळाली, पण त्याच निकालात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटू शकतो, असं बजावलं होतं. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, ती १९८५ पर्यंत राहिली. पक्षांचा खर्च मात्र थांबला नाही, आणि समोरचा दरवाजा बंद झाल्यावर मागच्या दाराने पैसे पोहोचवणाऱ्यांची एक फळीच उभी राहिली, असं माझं मत आहे. त्याच काळात आपल्याकडे सिमेंट प्रकरण घडलं. सिमेंटवर नियंत्रण होतं, बिल्डरांना सिमेंट मिळायचं आणि मुख्यमंत्री अंतुले यांच्याशी निगडित विश्वस्त संस्थांकडे देणग्या जायच्या. या दोन्हींचा संबंध असल्याचं न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये सांगितलं आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. म्हणजे पैसा नोंदणीकृत संस्थेत गेला म्हणून तो देणगी ठरत नाही, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिलंय.

निवडणूक रोख्यांचं, म्हणजे पक्षांना देणगी देण्यासाठी बँकेतून विकत घ्यायच्या रोख्यांचं, तर ताजंच आहे. २०१८ पासून स्टेट बँकेमार्फत सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. देणारा कोण, हे मतदाराला कळू नये अशीच रचना होती. कंपन्यांसाठी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, तीही २०१७ मध्ये काढली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली, मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली, आणि मार्चमध्ये नावं बाहेर आली. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग होती, १,३६८ कोटींची. दुसऱ्या क्रमांकावर सरकारी कामं घेणारी हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटींची. कुणाला काय मोबदला मिळाला याच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमायला न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला, त्यामुळे त्याबद्दल मी निष्कर्ष काढत नाही.

पण यातून एक गोष्ट तुम्हाला उपयोगी आहे. सरकारी काम हातात असलेल्या खासगी ठेकेदाराने पक्षाला देणगी देऊ नये, असा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या ठेकेदारांना अशी देणगी देता येत नाही. आपल्याकडेही ती बंदी यायला हवी, निदान काम चालू असेपर्यंत आणि बिल बाकी असेपर्यंत, असं माझं ठाम मत आहे. तोवर कायद्याने तुम्ही देणगी देऊ शकता. पण मोबदल्याची बोली झालेली असेल तर ती देणगी राहत नाही, चेक कितीही स्वच्छ असो.

इथून पुढचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. ‘साहेब’ कोण आहेत, हा पहिला मुद्दा. ते आज नगराध्यक्ष किंवा नगरसेवक असतील तर ते लोकसेवक आहेत आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा सरळ लागतो. ते नुसते उमेदवार असतील, पण तुमचं बिल मुख्याधिकारी किंवा अभियंत्याकडून सोडवून घेण्याच्या नावाखाली पैसे मागितले जात असतील, तरी तो व्यापारी सुटत नाही. लोकसेवकावर वजन वापरतो म्हणून पैसे घेणाऱ्या मध्यस्थासाठी २०१८ च्या दुरुस्तीत ७अ हे कलम आलंय, शिक्षा तीन ते सात वर्षं. त्याच दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फक्त, तुम्हाला भाग पाडलं गेलं असेल आणि दिल्यापासून सात दिवसांत तुम्ही पोलिस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर संरक्षण मिळतं. आधी तक्रार करून सापळ्यासाठी पैसे दिले तर तुम्ही दोषी नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

तक्रार करावी का? हे मी तुमच्या जागी बसून ठरवू शकत नाही. छोट्या गावात त्याची किंमत मोजावी लागते. तक्रार केलेल्या ठेकेदाराला पुढच्या कामांत त्रास झाल्याचं मी पाहिलंय आणि एकदा तक्रार केल्यावर कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही, असंही पाहिलंय. पण तक्रार न करणं आणि पैसे देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार नाही केली तरी नकार देता येतो.

तुमची खरी अडचण अडकलेलं बिल ही आहे. ते सुटलं तर या व्यापाऱ्याचं तुमच्यावर काय वजन राहतं? २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदार संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, म्हणजे बरीच बिलं निधीच नसल्याने अडकतात. तुमचं नेमकं कशामुळे अडलंय, हे आधी कागदावर आणा. मोजमाप पुस्तिकेत अंतिम नोंद झाली का, उपअभियंत्याची तपासणी झाली का, त्रयस्थ तपासणीचा अहवाल लागला का, फाईल लेखा विभागात पोहोचली का आणि त्या शीर्षाखाली निधी शिल्लक आहे का, एवढंच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्जात विचारा. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय अर्जाची प्रत हातची सोडू नका. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच प्रश्न माहिती अधिकारात विचारा आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या प्रती मागा. बऱ्याचदा असं निघतं की एखादी स्वाक्षरी राहिली आहे किंवा निधी आलेलाच नाही, आणि व्यापारी ज्या अडथळ्याचे पैसे मागतोय तो अडथळा त्याच्या हातातच नाही. लघुउद्योगांच्या थकीत देण्यांचा कायदा अशा बांधकाम ठेक्यांना लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद आहे, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका. वकिलाची नोटीस आणि करारातली लवादाची तरतूद हे मार्ग तेवढ्यात तपासून ठेवा.

आता समजा तुम्हाला एखाद्या पक्षाचं काम खरोखर पटतं आणि मदत करायची आहे. मग बिल निघाल्यावर, पक्षाच्या अधिकृत खात्यात, स्वतःच्या खात्यातून थेट पैसे द्या, मध्ये कुणालाही न घेता. पावतीवर पक्षाचा पॅन आणि नोंदणी आहे ना, पक्ष आयोगाच्या चालू यादीत आहे ना, हे पाहा. २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव पक्षाला आयोगाकडे कळवावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. तुमचं नाव त्या यादीत आणि तुमच्या कामांची नावं नगरपरिषदेच्या फलकावर शेजारी शेजारी ठेवून गावाने वाचली, तर तुम्हाला चालेल का? चालत नसेल, तर देऊ नका. फर्म पुढे प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर नियम आणखी कडक आहेत: कंपनीला तीन वर्षं पूर्ण झालेली हवीत, संचालक मंडळाचा ठराव हवा, साडेसात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि उल्लंघन झालं तर रकमेच्या पाचपटीपर्यंत दंड.

व्यापाऱ्याला काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. वाद घालू नका, नीतीही सांगू नका. एवढंच म्हणा, “माझा सगळा हिशोब सीए बघतात, रोख निघत नाही, आणि पक्षाला द्यायचं झालं तर मी थेट पक्षाच्या खात्यात देईन.” थेट खातं म्हटलं की बरेचजण दुसऱ्या दाराकडे वळतात, कारण थेट व्यवहारात त्यांना काहीच मिळत नाही. हे बोलणं फोनवर नको, समोरासमोर करा. घरी आल्यावर तारीख, वेळ आणि तो काय म्हणाला हे वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवर निरोप आले असतील तर पुसू नका. त्याच्याकडे तुमची मालाची उधारी असेल तर ती या आठवड्यातच चेकने चुकती करा, आणि पुढच्या कामाची खडी दुसऱ्या क्रशरवरून, पासासकट घ्या.